उत्तर ऑस्ट्रेलियाचा पहारा : नॉरफोर्सच्या आधीची गोष्ट

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात वरच्या बाजूला डार्विन शहर दिसतं, त्याच्या डावीकडे किम्बर्लीचा भाग आणि उजवीकडे आर्नहेम लँडचा. या सगळ्या पट्ट्यावर नजर ठेवायचं काम आर्मीच्या एका रिझर्व्ह युनिटकडे आहे, नॉर्थ-वेस्ट मोबाइल फोर्स, सगळे नॉरफोर्सच म्हणतात. एरिया साधारण १८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपले जवळजवळ सहा महाराष्ट्र, आणि माणसं फक्त काहीशे. त्यातले साधारण निम्मे किंवा त्याहून जास्त तिथले मूळचे ॲबोरिजिनल लोक, एरवी आपापली कामं करतात, कुणी गुरांच्या मोठ्या फार्मवर, कुणी जंगल-किनारा सांभाळणारा रेंजर, आणि वर्षातले काही आठवडे युनिफॉर्म चढवून पेट्रोलिंगला जातात. लढणं हे यांचं मुख्य काम नाही. लपून बसायचं, कोण आलं कोण गेलं बघायचं आणि रेडिओवर कळवायचं.

आज याचं खूप कौतुक होतं आणि व्हायलाच हवं, पण ही कल्पना नॉरफोर्स सुरू झालं त्या १९८१ ची नाही, ती १९४२ ची आहे, आणि त्या वेळी ज्यांच्या जिवावर ती चालली त्यांना सैनिक म्हणून नोंदवलंसुद्धा नव्हतं. हा भाग सोडून नॉरफोर्सबद्दल लिहिणं मला तरी बरोबर वाटत नाही.

फेब्रुवारी १९४२ मध्ये परिस्थिती अशी होती की १५ तारखेला सिंगापूर पडलं आणि १९ तारखेला जपानी विमानांनी एकाच दिवसात दोनदा डार्विनवर बॉम्ब टाकले, २३० च्या वर माणसं गेली, बंदरातली जहाजं बुडाली. ३ मार्चला किम्बर्लीच्या किनाऱ्यावरच्या ब्रूम गावावर हल्ला. आता जपानी सैन्य किनाऱ्यावर उतरणार असं सगळ्यांना वाटत होतं आणि हजारो किलोमीटरच्या त्या किनाऱ्यावर बघायला माणूसच नव्हता. रस्ते नाहीत, पावसाळ्यात नद्या तुडुंब, खाडीत मगरी, आणि तिथले आर्मीकडचे नकाशे म्हणजे बऱ्याच ठिकाणी कोरा कागद.

तेव्हा विल्यम स्टॅनर नावाचा माणूस पुढे आला. हा मूळचा फौजी नाही, मानववंशशास्त्रज्ञ. १९३२ पासून डार्विनच्या दक्षिणेला डेली नदीच्या भागात ॲबोरिजिनल लोकांमध्ये राहून त्याने अभ्यास केला होता, त्यामुळे तो मुलूख त्याला माहीत होता. त्याच्या कमांडखाली नॉर्थ ऑस्ट्रेलिया ऑब्झर्व्हर युनिट उभं राहिलं, हेडक्वार्टर डार्विनच्या दक्षिणेला कॅथरीन गावी, माणसं साधारण साडेपाचशे. लोक त्यांना नॅकरूज म्हणायचे, आणि पंतप्रधान जॉन कर्टिन होते म्हणून कर्टिनचे काउबॉय असंही म्हणायचे, कारण हे सगळे घोड्यांवरून फिरायचे. रोपर नदीपासून व्हिक्टोरिया नदीपर्यंत आणि तिकडे किम्बर्लीत छोट्या छोट्या टोळ्या करून महिनोन्‌महिने राहायचे, रसद कधी पोचेल याचा नेम नाही, मलेरिया आहेच. ऑर्डर साधी होती, शत्रू उतरला तर अंगावर जायचं नाही, मागे राहून हालचाल कळवत राहायचं.

पण साडेपाचशे माणसांत बहुतेक दक्षिणेतून आलेली पोरं होती, त्यांना या मुलखातलं काय कळणार. पाणी कुठे आहे, नदीला उतार कुठे सापडेल, काय खाल्लं तर चालतं, हे सगळं ॲबोरिजिनल वाटाड्यांनी दाखवलं. घोडेसुद्धा तेच सांभाळायचे. आणि हे वाटाडे भरती झालेले सैनिक नव्हते, त्यांना सैनिकाचा पगार नाही, रँक नाही, पेन्शनचा तर विषयच नाही. १९४० मध्ये आर्मीच्या मिलिटरी बोर्डाने स्पष्ट म्हटलं होतं की ॲबोरिजिनल लोकांची भरती गरजेचीही नाही आणि इष्टही नाही. म्हणजे भरती नको पण वाट दाखवायला हवेत. मार्च १९४५ मध्ये युनिट बरखास्त झालं आणि वाटाडे आपापल्या गावी गेले.

दुसरी गोष्ट आर्नहेम लँडची, आणि ती समजायला आणखी दहा वर्षं मागे जावं लागतं. १९३२ मध्ये कॅलेडन बे इथे समुद्रकाकडी (समुद्राच्या तळाशी राहणारा, काकडीसारखा दिसणारा प्राणी) गोळा करायला आलेल्या पाच जपान्यांना योल्ङु लोकांनी, म्हणजे तिथल्या ॲबोरिजिनल लोकांनी, मारलं. पुढच्या वर्षी तपासाला गेलेला एक पोलीसही मारला गेला. डार्विनमध्ये मागणी सुरू झाली की हत्यारबंद तुकडी पाठवा आणि धडा शिकवा, आणि धडा शिकवणं म्हणजे काय हे त्या भागात सगळ्यांना माहीत होतं, आधी तसे हत्याकांडाचे प्रकार झालेले होते. तिथल्या योल्ङुंमधले मानाचे वडीलधारे वोंग्गू, त्यांच्या तीन मुलांना १९३४ मध्ये वीस-वीस वर्षांची शिक्षा झाली. मग डोनाल्ड थॉमसन नावाचा आणखी एक मानववंशशास्त्रज्ञ मध्ये पडला, स्वतः तिथे जाऊन राहिला, लोकांचं ऐकलं, आणि १९३६ मध्ये ती तिन्ही मुलं सुटली, थॉमसन त्यांना घरी घेऊन गेला.

आता १९४१. तोच थॉमसन एअरफोर्सचा अधिकारी म्हणून परत आर्नहेम लँडमध्ये येतो आणि त्याच लोकांना सांगतो की जपानी आले तर लढायचंय. वोंग्गू आणि त्यांच्या मुलांच्या जागी राहून विचार करा, जपानी मारले म्हणून यांना तुरुंगात टाकलं होतं! थॉमसनला आधी हेच समजावावं लागलं की या वेळी जपानी मारल्याची शिक्षा होणार नाही. एकेकाळी एकमेकांशी भांडणाऱ्या कुळांतली सुमारे पन्नास माणसं त्याने एकत्र आणली आणि नॉर्दर्न टेरिटरी स्पेशल रिकॉनिसन्स युनिट, म्हणजे टेहळणीची खास तुकडी, तयार झालं. हत्यारं त्यांचीच, भाले. जेवण त्यांचंच, किनाऱ्यावर मिळेल ते. सप्लाय लाइनची गरजच नाही, त्यामुळे तोडायलाही काही नाही. थॉमसन एरोएटा नावाच्या छोट्या जहाजावरून किनारा पालथा घालायचा, सोबत रायवाला नावाचा योल्ङु, ज्याच्याशिवाय यातलं काहीच जमलं नसतं. १९४३ मध्ये युनिट मोडलं. मोबदला काय, तर तंबाखू, मासे धरायचे गळ, तार असल्या वस्तू. पैसे नाहीत. पगाराची थकबाकी आणि मेडल्स मिळाली १९९२ मध्ये, पन्नास वर्षांनी, तोपर्यंत बरेचसे गेले होते, म्हणून त्यांच्या घरच्यांनी ती घेतली.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या मधल्या टोरेस सामुद्रधुनीत जरा वेगळं झालं. तिथे आर्मीने खरोखरच भरती केली, टोरेस स्ट्रेट लाइट इन्फन्ट्री बटालियन, बेटांवरचे वयात बसणारे जवळपास सगळे पुरुष त्यात होते. पण पगार गोऱ्या सैनिकाच्या एक तृतीयांश. १९४३ च्या शेवटी त्यांनी काम बंद केलं, युद्ध चालू असताना, मग दोन तृतीयांश झाला. उरलेला फरक १९८० च्या दशकात मिळाला.

बरं, पहाऱ्याची गरज होती का असंही कुणी विचारेल. जानेवारी १९४४ मध्ये जपान्यांची एक छोटी टेहळणी तुकडी खरोखर किम्बर्लीच्या किनाऱ्यावर उतरली, फिरली आणि निघूनही गेली, कुणालाही पत्ता लागला नाही. तोपर्यंत धोका टळला असं मानून नॅकरूज कमी करायला सुरुवात झालेली होती.

युद्धानंतर तीसेक वर्षं उत्तरेकडे फारसं कुणी बघितलं नाही, आर्मीचं लक्ष कोरिया, मलाया, व्हिएतनाम असं बाहेर होतं. व्हिएतनाम संपलं, अमेरिकेने १९६९ मध्येच सांगून ठेवलं होतं की दोस्तांनी आधी स्वतःचं स्वतः बघावं, आणि १९७६ मध्ये व्हिएतनामी निर्वासितांची पहिली छोटी बोट थेट डार्विनच्या बंदरात आली. म्हणजे किनारा उघडाच आहे हे परत दिसलं. मग जुनी फाइल बाहेर निघाली म्हणायला हरकत नाही. १ जुलै १९८१ ला डार्विनच्या लॅराकिया बॅरॅक्समध्ये नॉरफोर्स सुरू झालं, आधीच्या रायफल कंपनीतून, आणि त्यांनी स्वतःला नॅकरूजचे वारस मानलं. स्टॅनर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला. १९८२ मध्ये पश्चिमेला पिलबारा रेजिमेंट आली, हेडक्वार्टर कराथाला, आणि १९८५ मध्ये क्वीन्सलँडमधल्या केर्न्स शहराची ५१ वी बटालियन याच कामाला लावली गेली, टोरेसच्या बेटांवर तिचीच माणसं असतात. १९८६ चा संरक्षणतज्ज्ञ पॉल डिब यांचा रिपोर्ट आणि १९८७ चं संरक्षण धोरण यात उत्तरेचा बचाव हा मुख्य मुद्दा झाला, त्यामुळे या तिन्ही युनिट्सना कायमची जागा मिळाली. २०१८ मध्ये तिघांना एका ग्रुपखाली आणलं.

या वेळी मात्र एक गोष्ट बदलली, स्थानिक माणूस वाटाड्या नाही तर नंबर आणि पगार असलेला सैनिक आहे. इंग्रजी आणि शाळेच्या अटीही दूरच्या वस्त्यांतल्या लोकांसाठी सैल केल्या, कारण ज्याला तीन-चार भाषा येतात आणि वाळूवरच्या खुणा वाचता येतात त्याला इंग्रजी निबंध येत नाही म्हणून घरी पाठवणं हा वेडेपणाच झाला असता.

कामाची पद्धत बघितली तर १९४२ ची आठवण येते. चार-सहा जणांची टीम, गाडी किंवा रबरी बोट, किनाऱ्यावर लपून ठाणं मांडायचं. आता शत्रू म्हणजे बहुतेक वेळा बेकायदा मासेमारीच्या बोटी, शार्कचे पर आणि समुद्रकाकडी नेणाऱ्या. शिवाय पेट्रोलिंगची टीम लावताना नातीगोती बघावी लागतात. तिथे काही नात्यांत एकमेकांशी थेट बोलायचं नसतं, शेजारी बसायचंही नसतं, जावई आणि सासू हे त्यातलं सगळ्यात कडक. असे दोघे एका गाडीत बसवले तर पेट्रोलिंग बिघडलंच समजा, म्हणून कमांडरला रायफल आणि रेडिओसोबत कुणाचं कोण लागतं हेही पाठ असावं लागतं, आणि दुसऱ्या कुळाच्या जमिनीवर शिरायचं असेल तर आधी तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारून यावं लागतं.