‘ऑक्सिजन वाढवा, कॅन्सर मरेल’: खुलासा

दीर्घ श्वसनाने आतड्याचा कॅन्सर मरतो, जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्गना १९३१चं नोबेल त्याच शोधासाठी मिळालं, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. नोबेल होतं पेशींतल्या श्वसन-एन्झाइमसाठी. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन मुळातच ऑक्सिजनने ९५ टक्क्यांवर भरलेलं असतं. आणखी भरणार किती? तुटवडा असतो गाठीच्या आत, रक्तवाहिनीपासून साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपलीकडे. एरवी ऑक्सिजन असताना मोडीत निघणारं एचआयएफ-१ अल्फा प्रथिन तिथे टिकतं आणि पेशींना व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन बनवायला लावतं. नव्या वाहिन्या फुटतात, पण वेड्यावाकड्या, गळक्या. म्हणून तुटवडा संपतच नाही. बेव्हॅसिझुमॅब हे औषध हेच व्हीईजीएफ अडवतं. पसरलेल्या आजारात ते केमोबरोबर देतात. मात्र जखम भरायलाही व्हीईजीएफ लागतं, त्यामुळे ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी ते किमान २८ दिवस थांबवतात.