ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन व करिअर नियोजन

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या विद्यार्थ्याला विषयनिवड, पात्रता परीक्षा आणि पुढची नोकरी यांबाबत शिक्षकांकडून व अनुभवी ग्रंथपालांकडून मिळणारा सल्ला. या विद्येचे भारतातील पहिले वर्ग १९११ मध्ये बडोद्यात भरले. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून बोलावलेले विल्यम बोर्डेन ते घेत. १९२९ मध्ये ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी मद्रासला वर्ग सुरू केले. तेव्हा ग्रंथालयशास्त्र शिकणे म्हणजे ग्रंथालयात काम करायला शिकणेच होते. आता वाटा अनेक आहेत, म्हणून सल्ल्याची गरजही वाढली आहे.

महाराष्ट्रात विद्यार्थी सहसा दुसऱ्या विषयाची पदवी घेऊन बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, येतो. एक वर्ष बी.लिब., एक वर्ष एम.लिब. ही पदव्युत्तर पदवी; काही ठिकाणी दोन्ही मिळून दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम. एवढ्या कमी वेळात निकालानंतर दिलेला सल्ला उशिराच पोचतो. तो प्रवेशाच्या वेळीच सुरू व्हायला हवा आणि पहिला प्रश्न आधीच्या पदवीचा असावा. रसायनशास्त्र शिकलेल्याला संशोधन संस्थेचे ग्रंथालय जवळचे, कायदा शिकलेल्याला न्यायालयाचे. संस्कृत वा मोडी येणाऱ्याने पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या हस्तलिखितांच्या संग्रहांकडे पाहावे. ही शिदोरी बी.लिब.ला आल्यावर बाजूला ठेवली जाते, याची खंत वाटते.

विद्यार्थ्याचा कल प्रात्यक्षिकाच्या तासाला दिसतो. समोर ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, खंड, हातात मराठी व्याकरणाचे पुस्तक. एक विद्यार्थिनी मराठी भाषेच्या ४९१.४६ या क्रमांकापर्यंत येते, व्याकरणाचा ५ जोडून ४९१.४६५ करते आणि तरी अनुक्रमणिका चाळत राहते, कारण शेवटच्या प्रकरणात बोलींची चर्चा आहे. तिला तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणे), मेटाडेटा (साहित्याची वर्णनात्मक माहिती), डिजिटल संग्रह हे काम मानवेल. शेजारचा मुलगा ‘हे पुस्तक मागायला कोण येईल?’ असे विचारतो. त्याची जागा संदर्भसेवेच्या टेबलावर. अशा नोंदी शिक्षकाने वहीत ठेवाव्यात, गुणपत्रिकेत त्या उतरत नाहीत.

महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण, सर्वसाधारणपणे नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा आणि ग्रंथालय संगणकीकरणाचे ज्ञान अपेक्षित आहे. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. म्हणून नेट-सेटची तयारी एम.लिब.च्या पहिल्या दिवसापासून करावी. संगणकीकरणाची ओळख पुस्तकातून होत नाही. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली स्वतःच्या लॅपटॉपवर बसवून शे-दोनशे पुस्तकांच्या नोंदी कराव्यात, इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राचे सोल हे सॉफ्टवेअर कुठे चालू असेल तिथे आठवडाभर बसावे. मुलाखतीत मार्क या संगणकीय नोंदींच्या प्रमाणित नमुन्याबद्दल ‘मार्क नोंदीत शीर्षक कोणत्या टॅगमध्ये?’ असे विचारले, तर २४५ हे उत्तर असे काम केलेल्याच्या तोंडून आपोआप येते.

सार्वजनिक ग्रंथालयांबद्दल मात्र स्पष्ट बोलावे लागते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि अनुदानही वर्गाप्रमाणे मिळते. गावच्या ‘ड’ वर्गातल्या वाचनालयात पदवीधराचे घर चालेल एवढा पगार निघत नाही. तिथल्या वाचकांना अशा पदवीधराची सर्वाधिक गरज असते, हेही तितकेच खरे. ज्याला तिकडे ओढ आहे त्याला परावृत्त करू नये. जोडीला शाळेतील नोकरी किंवा डिजिटायझेशनची कामे कशी धरता येतील, हे बसून कागदावर मांडून द्यावे.

अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्यांनी तिथल्या ग्रंथालयांत बहुधा अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेली पदवी मागितली जाते, हे अर्ज करण्यापूर्वी लक्षात घ्यावे.