आभासी घोड्यांची स्पर्धा भरवताय? अर्ज नेमका कुठे अडकतो ते आधी वाचा

सर्वांत जास्त अर्ज ज्या तीन अक्षरांपाशी आपटताना मी पाहिले, तिथूनच सुरुवात करते. स्पर्धेच्या निमंत्रणावर ‘व्हीआयपी’ असं लिहून पुढे रिकामी जागा असते. ती खास पाहुण्यांसाठी नाही. ‘विइमेइनेन इल्मोइत्ताउतुमिस्पॅइवा’ या आगगाडीएवढ्या फिनिश शब्दांचं ते लघुरूप आहे, आणि अर्थ एवढाच की नाव नोंदवायचा शेवटचा दिवस. माझ्या लेकीने पहिल्या निमंत्रणात त्या जागी आपल्या तीन जिवलग मैत्रिणींची नावं घातली होती, शेजारी बदाम काढून. शेवटची तारीख अख्ख्या पानावर कुठेच नव्हती. अर्ज परत आला तेव्हा ती रडकुंडीला आली, आणि मी शब्दकोश घेऊन बसले. तेव्हापासून एस्पो-हेलसिंकीकडच्या आपल्या मराठी घरांतली मुलं अर्ज घेऊन माझ्याकडेच येतात, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवते.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फिनलंडमध्ये मुलं (आणि बऱ्याच मोठ्या बायकाही) आभासी घोडे पाळतात. यात उड्या मारणारा घोडा पडद्यावर दिसत नाही. प्रत्येक घोड्याचं एक वेबपान असतं: नाव, जात, रंग, आईबाप, स्वभाव, रोजनिशी. अशा पानांची मिळून एक पागा होते, तिला ‘तल्ली’ म्हणतात. स्पर्धेचा निकाल बहुतेक वेळा चिठ्ठ्या टाकल्यासारखा सोडतीने लागतो. काही स्पर्धांत मात्र घोड्यावर गोष्ट लिहावी किंवा चित्र काढावं लागतं. या सगळ्याची नोंद ठेवणारी संघटना म्हणजे ‘विर्तुआलिनेन रात्सास्तयाइन्लीत्तो’, आभासी घोडेस्वारांचा महासंघ. सगळे व्हीआरएल म्हणतात, मीही तसंच म्हणते. पैसे कुठेच लागत नाहीत. कुणी प्रवेश फी मागत असेल तर तिथून निघा.

आता पात्रता. स्पर्धा भरवणाऱ्याकडे स्वतःचा व्हीआरएल क्रमांक हवा, पागेची नोंद हवी, आणि भाग घेणाऱ्या घोड्यांनाही आपापले क्रमांक हवेत. खातं उघडायला दहा मिनिटं लागतात, त्यावर वेळ घालवत नाही. एक गोष्ट मात्र पालकांनी लक्षात ठेवा. फिनलंडच्या २०१८ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे ऑनलाइन सेवेला स्वतःची संमती मुलाने स्वतः देण्याचं वय १३ आहे. त्याहून लहान असेल तर तुम्ही शेजारी बसा, आणि जन्मसाल खोटं घालू नका. पोरं घालतात. माझीनेही घातलं होतं.

घोड्याचा क्रमांक ‘व्हीएच’ने सुरू होतो. मग नोंदणीच्या वर्षाचे दोन आकडे, मग जातीचा तीन आकडी संकेत, शेवटी चार आकडी अनुक्रम. जात क्रमांकातच बसलेली आहे, त्यामुळे नोंदवतानाच नीट निवडा. घाईत यादीतलं वरचं नाव टिचकवलं की फिनिश घोड्याचा अरबी होऊन बसतो, आणि पुढे पानावर एक जात नि क्रमांकात दुसरी असा गोंधळ होतो.

वयाचं तसंच. आभासी घोडा आपल्या कॅलेंडरने वाढत नाही. काही महिन्यांतच तो वर्षाने मोठा होतो. म्हणून कोणत्या तारखेला तीन वर्षांचा झाला, कोणत्या तारखेला चार, हे पानावर स्पष्ट लिहायची पद्धत आहे. ‘वय: ५’ एवढंच लिहिलंत तर ते पाच कधीचं, हे तपासणाऱ्याने कसं ओळखायचं?

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: फोटोची परवानगी.

घोड्याच्या पानावर फोटो हवाच, अशी मुलांची समजूत असते. मग शोधयंत्रावरून एक झकास तांबूस घोडा उचलला जातो, सोनेरी आयाळीचा, कारण फिनिश घोडे बहुतेक त्याच रंगाचे. फिनलंडच्या कॉपीराइट कायद्यात (१९६१ चा, क्रमांक ४०४) कलम ४९अ आहे. त्यात अगदी साध्या, हौशी फोटोलाही संरक्षण आहे, ज्या वर्षी काढला त्या वर्षाच्या अखेरीपासून ५० वर्षं. म्हणजे ‘नेटवर होता’ हे उत्तर चालत नाही. पण खरी गोम पुढेच आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलीने शहाणपणाने घोड्याच्या मालकिणीला गाठून परवानगी घेतली, कागदावर, सहीनिशी. तरी अडलं. कारण हक्क घोडा ज्याचा त्याचा नसतो, फोटो ज्याने काढला त्याचा असतो. मालकीण फोटोत लगाम धरून उभी होती, म्हणजे कॅमेरा दुसऱ्याच कुणाच्या हातात होता, हे त्या लेकराला कोण सांगणार?

यावर उपाय तीन. एक, फोटो काढणाऱ्याला दोन ओळींचा मेल पाठवा, उत्तर जपून ठेवा, आणि फोटोखाली त्याचं नाव द्या. दोन, घोडेस्वारीच्या शाळेत जाऊन स्वतः फोटो काढा. तिथे आधी विचारायचं, आणि कुणा मुलाचा चेहरा येऊ द्यायचा नाही. तीन, स्वतः चित्र काढा. माझी लेक आता तेच करते. तिच्या ‘तुफान’चे पुढचे पाय मागच्यांपेक्षा आखूड आहेत, पण कुणाच्या बापाची हरकत येत नाही.

पानावर ‘हा घोडा आभासी आहे’ हे फिनिशमध्ये ठळक लिहायलाच हवं. खरा घोडा विकत घ्यायला निघालेला माणूस शोधता शोधता तुमच्या पानावर येतो, म्हणून हा आग्रह. त्याच कारणाने खऱ्या, नावाजलेल्या घोड्याचं नाव ढापू नका.

स्पर्धा कोणती, त्यावर अर्ज कोणत्या विभागाकडे जाणार ते ठरतं. के.आर.जे. म्हणजे ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करवून घेणं), ई.आर.जे. म्हणजे अडथळ्यांवरच्या उड्या, के.ई.आर.जे. म्हणजे ड्रेसाज, उड्या आणि मोकळ्या रानातली दौड अशा तिन्ही चाचण्यांची मिश्र स्पर्धा, व्ही.व्ही.जे. गाडीला जुंपलेल्या घोड्यांची आणि एन.जे. प्रदर्शनांची. प्रत्येक विभागाचे नियम वेगळे. एका विभागाचं निमंत्रण उचलून, नाव बदलून दुसरीकडे चिकटवणारे दर आठवड्याला भेटतात. असं करू नका हो! शिवाय काही स्पर्धा पातळ्यांच्या असतात, जिथे घोड्याच्या गुणांवरून त्याची पातळी ठरते, आणि काही साध्या. अर्जात प्रकार चुकीचा निवडला की खालचं सगळं बरोबर असूनही फुकट.

ड्रेसाजच्या वर्गांची नावं तर उलट्या खोपडीची आहेत, आणि ती खऱ्या फिनिश घोडेस्वारीतूनच आली आहेत. ‘हेल्पो’ म्हणजे सोपा. पण हेल्पो ए हा हेल्पो बी पेक्षा अवघड, बी हा सी पेक्षा, आणि सर्वांत सोपा डी. आपल्याकडे ‘अ तुकडी’ म्हटलं की जे डोक्यात येतं, तसं समजा, म्हणजे घोळ होणार नाही. त्यावर ‘वाआतिवा’ (म्हणजे अवघड) बी, मग वाआतिवा ए, आणि थेट वर ग्रां प्री. नवख्यांसाठी म्हणून हेल्पो ए ठेवलेल्या आणि मग ‘कुणी नाव का देत नाही’ विचारणाऱ्या निमंत्रणांची गणती नाही.

आता निमंत्रणात काय काय हवं: स्पर्धेचा दिवस, तो व्हीआयपीचा दिवस, भरवणाऱ्याचं नाव व क्रमांक, पागा, वर्गांची यादी, एका स्वाराला किती घोडे आणता येतील, एका वर्गात जास्तीत जास्त किती, आणि निकाल कसा काढणार. बस्स. फुलांच्या महिरपी नंतर काढा.

नाव देण्याची ओळ मात्र अशीच हवी:

स्वाराचं नाव (व्हीआरएल-०००००) - घोड्याचं नाव व्हीएच००-०००-००००

इथे मी देवनागरीत लिहिलं, प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि आकडेच टाका. कंस विसरणं, आडवी रेघ गाळणं, शून्याच्या जागी ‘ओ’ हे अक्षर टंकणं ही रोजची दुखणी. ‘एवढंसं तर चुकलं’ असं मुलं म्हणतात, पण शंभर ओळी डोळ्यांखालून घालणारी व्यक्ती कामधंदा सांभाळून हे फुकट करते. तिने प्रत्येकाचा ‘ओ’ का शोधत बसावं? नियम किचकट आहेत, लघुरूपं उलगडून सांगायची तसदी सहसा कुणी घेत नाही, हे सगळं मान्य. पण ओळ नीट टंकणं आपल्या हातात आहे.

पुण्यातल्या मावसबहिणीला खेळात ओढलं असेल तर वेळेचं गणित आधी करा. शेवटची मुदत फिनलंडच्या घड्याळाने. हिवाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, उन्हाळ्यात अडीच. म्हणजे इथली जानेवारीतली रात्रीची ११.५९ ही पुण्यात पहाटे ३.२९ असते, आणि तारीख दुसऱ्या दिवसाची. बहिणीला मुदत मोठी वाटते, मग ती दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन निवांत नाव पाठवते, तोवर इथे यादी बंद. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं बदलतात. त्या आठवड्यात मुदत ठेवूच नका.

सोडत काढली की ती एकदाच. हवा तो घोडा वर आला नाही म्हणून पुन्हा काढायची नाही, अगदी स्वतःची घोडी शेवटून दुसरी आली तरी. निकाल लावताना वर्गात किती जण होते तेही लिहा, कारण पाच जणांतला दुसरा आणि चाळीस जणांतला दुसरा यांत फरक आहे, आणि घोड्याच्या पानावर ‘२/४०’ असंच चढवतात.

आणि निकालाचं पान काढून टाकू नका. मुलं नवी पागा उभारली की जुनं सगळं पुसतात. पण ज्यांचे घोडे तुमच्याकडे जिंकले, त्यांनी आपल्या पानांवरून तुमच्या निकालाला दुवा दिलेला असतो. पागा बदलायचीच असेल, तर आधी जुने निकाल नव्या जागी हलवा, पत्ता सगळ्यांना कळवा, मग काय ते पुसा.