वाट कुठून, मुक्काम किती

गोव्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या किल्ल्याखाली वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा त्यावर अशा लाटा फोडतो की नदीत शिरणं जिवावरचं काम होतं. शिडाच्या जहाजांच्या काळात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंदर बंदच असायचं. कारण साधं भौतिकशास्त्राचं आहे. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची दमट हवा तिच्याकडे ओढली जाते. हिवाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा उलटा, ईशान्येकडून वाहू लागतो. अरबस्तान, पूर्व आफ्रिका आणि कोकण यांच्यातली सगळी ये-जा या दोन वाऱ्यांवर चालायची. एका वाऱ्यानं यायचं, दुसऱ्याची वाट पाहायची, मग परतायचं. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेलं जहाज सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागे आणि परतीचं डिसेंबर-जानेवारीत सुटे.

एखादं शहर साऱ्या जगाचं कसं होतं, याचं उत्तर मला या वाट पाहण्यात सापडतं. आपण बहुधा माणसं मोजतो: किती देशांची, किती भाषांची. पण ती कोणत्या वाटेनं आली आणि त्या वाटेनं त्यांना किती दिवस थांबवून ठेवलं, यावर त्यांचं गावाशी नातं ठरतं. रात्रीपुरता आलेला माणूस खोली भाड्यानं घेतो आणि जातो. चार महिने अडकलेल्याला स्वयंपाकी लागतो, दुभाषा लागतो, उधारी देणारा सराफ लागतो, प्रार्थनेला जागा लागते. त्यातून ओळखी होतात, लग्नं होतात, भांडणंही होतात.

पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची याची साक्ष आहे. गोव्याच्या कदंबांच्या अकराव्या शतकातल्या ताम्रपटात एका अरब व्यापारी घराण्यातला छडम नावाचा माणूस राजाचा कारभारी म्हणून भेटतो आणि त्याच्या मशिदीच्या खर्चासाठी कर लावून दिल्याचीही नोंद त्यात आहे. जुवारीच्या काठच्या गोपकपट्टणात परका माणूस तीन पिढ्यांत दरबारापर्यंत पोचला होता. पुढे विजापूर आणि विजयनगरच्या फौजांना अरबी घोडे लागत आणि ते समुद्रमार्गे इथं उतरत. १५१० मध्ये आल्बुकेर्कनं गोवा घेतला, तो चालता बाजार पाहूनच.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. साडेसहा महिन्यांची वाट तुडवून आलेला माणूस उठून परत जात नाही. तो दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत राहिला, इथल्या लोकांची बोली आणि इथल्या ग्रंथांची मराठी शिकला. १६१६ मध्ये रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. इंग्रज माणूस, पोर्तुगीज जहाज आणि ज्ञानदेवांची ओवी. मराठीवर प्रेम करणाऱ्या कुणालाही त्या ओव्या वाचून भरून यावं, अशी त्याची भाषा आहे.

पण सगळेच आपल्या मर्जीनं आले नव्हते. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून आणली जात. त्यातली काही घाटावरच्या रानात पळाली. आज हल्याळ-यल्लापूरकडे राहणाऱ्या सिद्दींच्या पूर्वजांत त्यांचाही वाटा आहे. आणि कित्येकांना इथून जावं लागलं. १५६० मध्ये पाखंडाबद्दल शिक्षा देणारं ख्रिस्ती धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) आलं, त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश देव जुवारी ओलांडून प्रियोळला नेला गेला. कुणी मंगळुराकडे गेले, कुणी कोचीपर्यंत. वैभवाच्या काळातल्या जुन्या गोव्याचं कौतुक करताना हे वगळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. एकच नदी कुणाची येण्याची वाट होती, तर कुणाची निसटण्याची.

स्थलांतराचा शास्त्र म्हणून अभ्यास सुरू झाला तो एर्न्स्ट रावेनस्टाइनच्या १८८५ च्या निबंधापासून. हा जर्मनीत जन्मलेला भूगोलतज्ज्ञ स्वतः लंडनमध्ये स्थायिक झाला होता. ब्रिटनच्या जनगणनेचे तक्ते चाळून त्यानं काही नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच्याच ठिकाणी जातात, लांब जाणारी मोठ्या व्यापारी शहरांकडे वळतात, आणि माणसांच्या प्रत्येक ओघाला एक उलटा ओघ असतो. पुढच्या अभ्यासकांनी यात एक महत्त्वाची गोष्ट घातली: आधी गेलेला माणूस मागच्याची वाट सोपी करतो. त्यामुळे पहिली काही माणसं कुठं टेकली, यावर पुढची पन्नास वर्षं ठरू शकतात.

लंडनमधलं ब्रिक्स्टन याचं ठसठशीत उदाहरण आहे. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरून टिलबरीच्या धक्क्याला लागलं. ज्यांची राहायची सोय नव्हती अशा दोनशेहून अधिक लोकांना क्लॅपहॅम साउथ इथल्या जमिनीखालच्या युद्धकालीन आसऱ्यात ठेवलं. तिथून सर्वांत जवळचं रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनला होतं. काम तिथं मिळालं, मग खोल्या तिथंच शोधल्या, मग भाऊबंद आले. जहाज, तात्पुरता आसरा आणि जवळचं कचेरीचं दार, एवढ्या तीन गोष्टींतून एका महानगराच्या भागाचं संगीत, जेवण आणि बोलणं बदललं.

गोंयकारांनी मुंबईत हेच केलं, आणि फार शिस्तीनं. धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत गावागावांचे कुड उभे राहिले. कुड म्हणजे गावानं आपल्या माणसांसाठी मुंबईत घेतलेली राहण्याची जागा. एक लांब खोली, भिंतीला लागून ओळीनं लावलेल्या पेट्या, प्रत्येक पेटीवर मालकाचं नाव, रात्री पेटीशेजारीच अंथरूण. एका टोकाला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी तिथं सगळ्यांनी मिळून लादाइन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, म्हणायची. गावचा नसलेल्याला सहसा जागा नाही. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे गोंयकार, पुढची बोट मिळेपर्यंत इथं थांबत. पुन्हा तेच: वाट पाहणं. वाट पाहणारी माणसं नाटकं बघतात, गाणी रचतात. गोव्याचा म्हणून जगभर ओळखला जाणारा तियात्र हा कोकणी नाट्यप्रकार १७ एप्रिल १८९२ ला रंगभूमीवर आला तो मुंबईत, इटालियन संगीतिकांच्या प्रभावातून. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ यांची कलाही मुंबईच्या वाटेनंच देशभर पोचली. गोव्याची संस्कृती निम्मी तरी गोव्याबाहेर घडली, असं मी ठामपणे म्हणेन.

आता उलटी दिशा पाहू. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. दूधसागराच्या अंगावरून चढणारी ही मीटरगेज गाडी गोव्याला लोंढा, धारवाड, हुबळीशी जोडत होती. मुंबईला जाणाऱ्याला तेव्हा बोट बरी वाटे. पुढं रेल्वेनं जायचं तरी कित्येक वर्षं मिरजेला गाडी बदलावी लागायची. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती जानेवारी १९९८ मध्ये. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ गोव्याच्या रुळांचं तोंड पूर्वेकडे होतं. वास्कोच्या बाजारात कन्नड इतकी सहज का ऐकू येते, याचं सगळं श्रेय रुळांना देता येणार नाही, कारण कर्नाटकाची सीमा लागूनच आहे. पण बंदरात कामाला येणारा माणूस गाडीतून थेट धक्क्याजवळ उतरत होता, हे विसरून चालणार नाही.

वाट तोडली की काय होतं, तेही गोव्यानं पाहिलं. १९५५ च्या सुमारास भारतानं नाकेबंदी केली, रेल्वे थांबली. बेळगावची भाजी बंद झाली आणि पणजीच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आले. पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ सुरू केला आणि विमानं कराचीकडे उडू लागली. नकाशावर बेळगाव होतं तिथंच होतं, जवळपणा मात्र बदलला.

डर्क ब्रॉकमन आणि डर्क हेल्बिंग या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हीच कल्पना गणितात मांडली. साथीचे रोग जगात कसे पसरतात याचा अभ्यास करताना त्यांनी किलोमीटर बाजूला ठेवले. एका ठिकाणाहून निघणाऱ्या प्रवाशांपैकी जितका मोठा वाटा दुसऱ्या ठिकाणी जातो, तितकी ती दोन ठिकाणं ‘जवळ’, असं त्यांनी धरलं. असं मोजल्यावर २००३ चा सार्स आणि २००९ चा स्वाइन फ्लू कुठं कधी पोचला, याचं गोंधळलेलं चित्र एकदम सरळ रेषेत आलं. संस्कृती विषाणूसारखी पसरत नाही, पण माणसं मात्र त्याच विमानांतून येतात. गोव्यात चार्टर विमानं १९८० च्या दशकात येऊ लागली. उत्तर गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये चालू झाला. दिल्लीतल्या एखाद्या कुटुंबाला हणजुण्याचा किनारा जितका जवळ आहे, तितका तो गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातल्या कुणाला असेलच असं नाही.

माझी काळजी इथं सुरू होते. वेगवान वाट जास्त प्रकारची माणसं आणते, पण कुणालाच थांबवत नाही. पर्यटक दोन रात्री राहतो. झारखंड-ओडिशाकडचा गवंडी बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहतो, काम संपलं की गाडी धरतो. हॉटेलातला वेटर हॉटेलच्या मागेच झोपतो. गावाकडच्या बस संध्याकाळनंतर विरळ होतात, तेव्हा सुटी मिळाली तरी तो जत्रेला किंवा चर्चच्या फेस्ताला पोचणार कसा? एका किनाऱ्यावर वीस राज्यांची माणसं असून त्यांची एकमेकांशी आणि गावाशी गाठ पडत नाही.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. पाव पोर्तुगीजांनी आणला. यीस्ट मिळेना म्हणून पीठ माडाच्या सुरेनं फुगवलं आणि हा पाव गोव्याचा झाला. आज बऱ्याच गावांत भट्टी कर्नाटकातून किंवा त्याहून लांबून आलेल्या माणसांच्या हातात आहे. सकाळी सायकलच्या मागच्या टोपलीवर प्लास्टिकचा कागद बांधून, भोंपू वाजवत येणाऱ्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, कुठल्या घरी किती उंडे आणि किती पोळ्या (हे पावाचेच प्रकार) लागतात हे पाठ असतं. तो कोकणीत हिशेब करतो. रोज तीच दारं, म्हणून भाषा आली.

विविधता मोजायची एक सोपी रीत भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९५६ मध्ये दिली: कुठलीही दोन माणसं उचलली तर त्यांची मातृभाषा वेगळी असण्याची शक्यता किती? २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोकणी ६६ टक्के, मराठी आणि हिंदी प्रत्येकी १० टक्क्यांच्या आसपास, कन्नड पावणेपाच, उर्दू पावणेतीन टक्के. प्रत्येक वाट्याचा वर्ग करून बेरीज करा, ती एकातून वजा करा. उत्तर येतं सुमारे ०.५४. म्हणजे गोव्यातली दोन माणसं समोरासमोर आली तर निम्म्याहून अधिक वेळा त्यांच्या घरच्या भाषा वेगळ्या.

ग्रीनबर्ग तिथं थांबले नाहीत. त्याच निबंधात त्यांनी आणखी एक माप सुचवलं: त्या दोघांना एकमेकांशी बोलता येईल अशी निदान एक भाषा सामायिक असण्याची शक्यता किती? पहिलं माप वाटांचं आहे, दुसरं मुक्कामाचं. आपल्या जनगणनेच्या अर्जात मातृभाषेच्या जोडीला येत असलेल्या आणखी दोन भाषांचीही नोंद होते, पण चर्चा बहुतेक पहिल्याच रकान्याची होते: मराठी किती घटली, हिंदी किती वाढली. मोपानंतरच्या पहिल्या जनगणनेत मी आधी दुसरा रकाना उघडणार आहे. ज्यांची मातृभाषा हिंदी, ओडिया किंवा कन्नड आहे, त्यांच्यापैकी किती जणांनी तिथं कोकणी किंवा मराठी लिहिली, तो आकडा मला हवा आहे.