अक्षर अडलं होतं तेव्हा : इंटरनेटवरच्या मराठी लेखनाची पार्श्वभूमी

मराठीत ऑनलाइन लेखन कधी सुरू झालं, असं विचारलं की बहुतेक जण ब्लॉगचं नाव घेतात आणि २००५-०६च्या सुमाराकडे बोट दाखवतात. त्या काळात मराठी ब्लॉग भराभर वाढले, हे खरंच आहे. पण लिहिण्याची हौस त्याच्या कितीतरी आधीपासून होती. संगणक होते, जोडणी होती, वाचायला उत्सुक माणसंही होती. सगळं अडलं होतं ते अक्षरापाशी. मराठी ब्लॉगांविषयी बोलताना विषयांची, शैलीची, लेखक-लेखिकांची चर्चा होते. अक्षराची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही, म्हणून हे टिपण.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या सेवेतून. परदेशी विद्यापीठांत शिकणारे मराठी विद्यार्थी त्याआधीपासून यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवर, एकमेकांशी बोलत होते, अर्थात रोमन लिपीत. 'आयट्रान्स' नावाची लिप्यंतराची पद्धत तेव्हा बरीच रुळली होती. त्यात कॅपिटल 'टी' म्हणजे ट आणि लहान 'टी' म्हणजे त, कॅपिटल 'एन' म्हणजे ण आणि लहान 'एन' म्हणजे न. सवय झाली की माणसं असा मजकूर घडाघडा वाचत. १९९६च्या गणेश चतुर्थीला 'मायबोली' सुरू झाली. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी उभारलेलं हे संकेतस्थळ आजही चालू आहे. पुढे जे तरुण मराठी ब्लॉगकडे वळले, त्यांतल्या अनेकांनी पहिली कविता, पहिला प्रवासलेख किंवा पहिली पाककृती अशाच जागी लिहिली होती.

मग देवनागरीचं काय? सोय होती, पण ती छपाईची. डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणाऱ्यांकडे, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट होते, सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेचेही होते. ते कसे चालत, हे नीट समजून घेतलं तर पुढचा सगळा गुंता उलगडतो. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या काळी हे आकडे इंग्रजी मुळाक्षरांना आणि विरामचिन्हांना वाटून दिलेले होते. देवनागरी फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले : इथे अर्धा क, तिथे काना, तिसरीकडे वेलांटी. पडद्यावर आणि कागदावर 'काळ' असा शब्द उमटे, पण यंत्राच्या लेखी ती तीन-चार इंग्रजी चिन्हंच असत. तोच फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला, की समोर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी. त्यातही प्रत्येक कंपनीची तुकड्यांची वाटणी वेगळी, त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला तरी वाचता येत नसे.

वर्तमानपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांचंही तेच. आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यायचा, मग बातमी वाचायची. काहींनी डायनॅमिक फॉन्टची, म्हणजे पानासोबतच आपोआप उतरणाऱ्या फॉन्टची, युक्ती केली, ती एखाद्या ब्राउझरमध्ये चाले आणि दुसऱ्यात नाही. शोधयंत्राला तर हा मजकूर मराठी आहे हेच कळत नसे. एखाद्या गावाचं नाव टाकून त्या गावाची बातमी शोधणं अशक्य होतं. ज्याला शोधून कुणी पोहोचू शकत नाही, त्या लेखनाला ओळखीपलीकडचा वाचक मिळणार कसा?

खेदाची बाब अशी, की या दुखण्यावरचं औषध वेब जन्मायच्या आधीच तयार होतं आणि त्याचा मोठा भाग भारतात घडला होता. आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी काम झालं, त्यातून 'जिस्ट' हे तंत्र आकाराला आलं आणि १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते तिथे आलं. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच रचनेची आहे, तेव्हा सगळ्यांना एकच तक्ता पुरेल, हा त्यामागचा सुंदर विचार. १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून 'इस्की' संकेतप्रणाली ठरली. तिच्या १९८८च्या आराखड्यावरूनच युनिकोडने, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीने, देवनागरीचा आपला तक्ता आखला, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच. या तक्त्यात अक्षराच्या तुकड्यांना जागा नाही. क म्हणजे क, ि म्हणजे वेलांटी, आणि ती डावीकडे कशी काढायची, जोडाक्षर कसं घडवायचं, हे काम फॉन्टचं आणि संगणकाच्या प्रणालीचं.

तरीही पुढची दहा वर्षं बाजारात जुने फॉन्टच चालले, कारण पैसे मोजणारं गिऱ्हाईक छापखान्याचं होतं. छापखान्याला कागदावर अक्षर देखणं उमटलं की पुरे. ते यंत्रात कोणत्या आकड्याने साठवलंय, याची चौकशी तिथे कोण करणार? वेबवर लिहिणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाची गरज निराळी होती, आणि त्याच्यासाठी तेव्हा कुणी काही विकत नव्हतं.

गाठ सुटू लागली विंडोज २०००पासून. त्यात देवनागरी पहिल्यांदा नीट बसवलेली होती आणि सोबत 'मंगल' हा फॉन्ट होता. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईत अक्षरकला शिकवणारे जोशीसर २००८मध्ये गेले. आज कुणी मंगलला नावं ठेवतं, तो बारीक दिसतो म्हणतं, आणि त्यात तथ्यही असेल. पण त्या काळात ऑनलाइन मराठी वाचलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ती आधी याच वळणात वाचली. ही देणगी फार मोठी आहे आणि तिचा उल्लेख कृतज्ञतेनेच व्हायला हवा.

विंडोज एक्सपीत सोय होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. सीडी हाताशी नसली, की देवनागरी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. नेटकॅफेत बसणाऱ्याला तर हे करायची मुभाच नसे. मराठी संकेतस्थळांवर 'देवनागरी कसे वाचावे?' अशी सूचना ठळक लावलेली असे ती यासाठी.

इथे इराणचं उदाहरण आठवतं. टोरोंटोत राहणाऱ्या हुसेन दरख्शान यांनी २००१मध्ये युनिकोड वापरून फारसीत ब्लॉग कसा लिहावा, याची पायरीपायरीने माहिती फारसीतच प्रसिद्ध केली आणि बघता बघता फारसी ब्लॉगांचा पूर आला. तिथली राजकीय घुसमट हे एक कारण होतंच, पण फारसी जिच्यात लिहितात त्या अरबी लिपीची सोय संगणकात आधीपासून होती, हेही तितकंच महत्त्वाचं. 'ब्लॉगर' ही ब्लॉग लिहायची सेवा १९९९पासून फुकट उपलब्ध होती, मराठी माणसालाही. त्याच्या यंत्रात देवनागरी यायला मात्र आणखी काही वर्षं गेली.

मग घटना भराभर घडल्या. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४मध्ये 'मनोगत' हे संकेतस्थळ आलं, तिथे थेट युनिकोडमध्ये लिहिता येई आणि शुद्धलेखनाची आस्थाही होती. मूळ कन्नडसाठी बनलेलं 'बरहा' हे टंकनाचं साधन मराठी लोकांनी उचललं. 'गमभन' हे एका मराठी माणसाने हौसेने बनवून मोफत दिलेलं साधन अनेक ब्लॉगांच्या आणि संकेतस्थळांच्या पोटात जाऊन बसलं. या साधनांत रोमन कळांवर उच्चाराप्रमाणे टंकलं की देवनागरी उमटे. म्हणजे यूजनेटवरच्या विद्यार्थ्यांची जुनीच सवय कामी आली. सरकारने प्रमाण मानलेला इनस्क्रिप्ट कळफलक शास्त्रशुद्ध आहे, तो शिकलेल्याचा वेगही उत्तम असतो, पण ब्लॉग फुलले ते उच्चाराच्या कळांवर. २००७ साल सरेपर्यंत ब्लॉग आणि 'मिसळपाव', 'उपक्रम' ही संकेतस्थळं यांवर रोज इतकं नवं मराठी लिहिलं जाऊ लागलं, की सगळं वाचणं एकट्याच्या आवाक्यात राहिलं नाही.

अक्षर आलं तरी मराठीचं म्हणून जे खास आहे ते मागेच राहिलं होतं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी इतकं अंतर, आणि 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि खोरी इतकं. हा चंद्रकोरीसारखा र काढायचे दोन मार्ग युनिकोडमध्ये रूढ झाले : एक नुक्तावाल्या ऱ ला हलन्त देऊन, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. त्यामुळे 'सुऱ्या' शोधला तर निम्म्या ठिकाणचा सापडायचा. 'ॲ'ची कथा तर आणखी जिव्हारी लागणारी. तक्त्यात हिंदीचा ऍ होता, मराठीचा नव्हता. लोक 'ऍसिड', 'ऍप' लिहीत राहिले किंवा अ वर चंद्र चिकटवत राहिले, तो कधी बसे आणि कधी बाजूला ठिपक्यांचं वर्तुळ काढे. २००८मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ॲ ला स्वतःची जागा मिळाली. कळफलकांत ते अक्षर पोहोचायला पुढे आणखी काळ लागला आणि दरम्यानच्या वर्षांत लिहिलेल्या मजकुरात तीनही रूपं कायमची राहून गेली.

अक्षर प्रवास करू शकत नव्हतं, त्याचा एक दुष्परिणाम अजून टिकून आहे. मराठी मजकूर पाठवायचा तर तो चित्र किंवा पीडीएफ करून पाठवावा लागे, कारण पलीकडे फॉन्ट असेल याची खात्री नसे. अशा ढकलपत्रांतून, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे पुढे ढकललेल्या ईमेलांतून, कविता आणि किस्से जगभर फिरले, पण वाटेत लेखकाचं नाव गळलं. ब्लॉग वाढल्यावर याच ढकलपत्रांत ब्लॉगवरचं लेखन बिननावाने फिरू लागलं आणि लिहिणाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, तो योग्यच होता. आज व्हॉट्सॲपवर एखाद्या दिवंगत नामवंताच्या नावावर जे वाट्टेल ते खपवलं जातं, ती याच सवयीची पुढची पिढी.

फोनने पुन्हा तीच वाट नव्याने चालायला लावली. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर मराठी म्हणजे एक तर चौकोन, नाही तर वेलांटी उजवीकडे गेलेली मोडकी अक्षरं. २०१२-१३च्या सुमारास ते सुधारलं. आयआयटी मुंबईतून 'स्वरचक्र' हा कळफलक २०१३मध्ये आला. मग बोलून टंकणंही आलं आणि ज्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता अशी माणसंही लिहिती झाली.

छपाईचं जग मात्र अजून अर्धं जुन्या काठावर आहे. पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि तिला युनिकोड देवनागरी येत नाही. त्याच कामाच्या नव्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय २०१२च्या सीएस६पासून झाली, पण जुन्या फॉन्टांवर हात बसलेली अक्षरजुळणी काही एका दिवसात बदलत नाही. त्यामुळे ब्लॉगवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर पुस्तकासाठी जातो तेव्हा अनेकदा तो जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित होतो. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, मुद्रितशोधक ती एकेक करून दुरुस्त करतो, संपादक वाक्यं सुधारतो आणि पुस्तक छापलं जातं. या साऱ्या दुरुस्त्या त्या जुन्या फाइलमध्येच राहतात. काही वर्षांनी ई-पुस्तक काढायचं ठरलं, की प्रकाशक ती फाइल पुन्हा युनिकोडमध्ये आणतो, आणि मुद्रितशोधकाला पहिल्या पानापासून सगळं परत वाचावं लागतं.