जुन्या लष्करी गाडीत नवा वायरलेस सेट: एका बॅटरीवरून 12 व्होल्ट घेऊ नका

लष्कराच्या लिलावातली जीप, जोंगा किंवा शक्तिमान ट्रक हौसेने उभी करणारी मंडळी देवळाली, नाशिक रोडपासून पार जिल्ह्याबाहेरून आमच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये येतात. इंजिन, रंग, ताडपत्री सगळं झालेलं असतं. राहिलेला असतो वायरलेस सेट, इंटरकॉम आणि जीपीएस. आणि पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी 24 व्होल्टची, सेट 12 व्होल्टचा. दोन बॅटऱ्या आहेतच, मग एकीवरून वायर घेतली तर काय बिघडलं?"

पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही, म्हणूनच ही चूक इतकी पसरली आहे. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी जोडलेल्या असतात आणि अल्टरनेटरला फक्त त्यांची बेरीज कळते, साधारण 28 व्होल्ट. सेट ज्या बॅटरीवर चालतो ती रोज थोडी जास्त उतरते. मग चार्जिंगच्या वेळी वाटणी बिघडते: भरलेली बॅटरी 15 व्होल्टपर्यंत चढते, उतरलेली 13 च्या आसपास अडकते. एकीचं पाणी उकळून जातं, दुसरीच्या प्लेटा सल्फेटने खराब होतात. काही महिन्यांत दोन्ही जातात आणि बोल लागतो बॅटरीवाल्याला. त्यातही अनेकजण एकच बॅटरी बदलतात. नवी आणि जुनी एका जोडीत बसवली की वाटणी आणखी बिघडते.

वायर वरच्या बॅटरीवरून, म्हणजे जिची निगेटिव्ह बॉडीला नाही तर दुसऱ्या बॅटरीला जोडलेली असते तिच्यावरून घेतली असेल, तर धोका त्याहून मोठा. तिची निगेटिव्ह बाजू गाडीच्या बॉडीपेक्षा 12 व्होल्ट वर असते. सेटचा पत्रा बॉडीला टेकला किंवा अँटेनाच्या केबलची जाळी अर्थ झाली, की थेट शॉर्ट.

"बोलायचं बटण दाबलं की सेट बंद पडतो" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत सेट बहुतेक वेळा ठणठणीत असतो, उतरलेली बॅटरी बोलतानाचा भार पेलत नाही. डॅशमागे टेपखाली लपवलेली ही जोडणी शोधण्यात मात्र आमचा अर्धा दिवस जातो, आणि त्याची मजुरी तुम्हाला पडते. तुमच्याकडे अशी वायर असेल तर गाडी देतानाच सांगा.

योग्य उपाय म्हणजे 24 व्होल्टचे 13.8 करणारा कन्व्हर्टर, दोन्ही बॅटऱ्यांवरून एकत्र जोडलेला, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. 50 वॅटचा सेट बोलताना 10 ते 12 अँपिअर ओढतो, म्हणून आम्ही 20 अँपिअरचा बसवतो. बाजारात याहून बरेच स्वस्त मिळतात हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्यांतले बरेच स्वतःच इतका खरखराट सोडतात की दूरचा आवाज त्यातच बुडतो. शिवाय जुन्या गाडीत बॅटरीची थिंबल (वायरच्या टोकाची पकड) सैल होऊन निसटली तर क्षणभर व्होल्टेज प्रचंड उसळतं. ते झेलणारा कन्व्हर्टर महागच असतो, आणि इथे काटकसर करणं आम्हाला पटत नाही.

पेट्रोल गाडीवाल्यांना एक कळकळीची विनंती. रेडिओसाठी तयार केलेल्या लष्करी गाड्यांत प्लगच्या वायरींवर धातूची जाळी असते. ओव्हरहॉलिंगमध्ये मेकॅनिक ती जुनाट समजून काढून टाकतात. स्पार्कचा आवाज रेडिओत जाऊ नये म्हणूनच ती घातलेली असते. जपून ठेवा, पुन्हा मिळवताना फार त्रास होतो.

जुनी लांब अँटेनाही नव्या सेटला जशीच्या तशी चालत नाही. लष्कराचे व्हीएचएफ सेट 30 ते 88 मेगाहर्ट्झवर चालत, हौशी (हॅम) रेडिओचा पट्टा आहे 144 ते 146. त्याला जेमतेम अर्ध्या मीटरची काडी पुरते. जुन्या अँटेनाचा मूळ बुडखा शोभेला राहू द्या. नवी अँटेना आम्ही जुन्याच भोकांवर पट्टी लावून बसवतो, बॉडीला नवं भोक पाडत नाही.

लायसन्स लागणारा सेट असेल तर कागद दाखवल्याशिवाय आम्ही तो बसवत नाही. यावर कृपया वाद घालू नका.

येताना दोन्ही बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज करून आणा. सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, मीटरने दोन्हींचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. 0.2 पेक्षा जास्त फरक दिसला तर आधी बॅटऱ्यांचं बघू. ही तपासणी आम्ही मोफत करून देतो, बॅटरी कुठूनही घेतलेली असो. आणि शक्य असेल तर सेट विकत घेण्याआधी गाडी दाखवा. जागा, वायरिंग आणि अल्टरनेटरची ताकद पाहून कोणता सेट घ्यावा हे तेव्हा सांगता येतं.