पार्मा: आधी क्रूस, मग पट्टे, पुन्हा क्रूस

नव्वदच्या दशकात इटालियन फुटबॉल बघितलेल्यांना पार्मा शहराचा क्लब म्हटलं की पिवळ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांचा शर्ट आठवतो. १२ मे १९९९ रोजी मॉस्कोत फ्रान्सच्या मार्से क्लबला ३-० हरवून यूएफा कप ही युरोपातली क्लब स्पर्धा जिंकली तो याच शर्टात. गोची अशी की कट्टर पार्माकरांच्या लेखी हा ‘आपला’ शर्ट नव्हेच.

शहराचे रंग पिवळा-निळा, डचीच्या (ड्यूकच्या राज्याच्या) काळापासूनचे. १९१३मध्ये संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीला त्याच्याच नावाने क्लब निघाला. त्याच वर्षी नाव बदलून पार्मा झालं. पांढऱ्या शर्टावरचा काळा क्रूस पहिल्या महायुद्धानंतर आला. संघाला ‘क्रोचाती’ म्हणतात ते त्यावरून. आपल्याकडे या शब्दाचं सरळ ‘धर्मयोद्धे’ होतं. इटालियनमध्ये तो अर्थ आहेच, पण इथे मुद्दा कापडाचा आहे: ‘माल्या क्रोचाता’ म्हणजे क्रूस असलेला शर्ट, आणि तो घालणारे ते क्रोचाती. शहराच्या निशाणावरही क्रूस आहे, पण सोनेरीवर निळा. काळा खास क्लबचा.

मग दूध कंपनीचा पैसा आला. १९९०मध्ये पार्मा पहिल्यांदा सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, पोचला आणि १९९२ ते १९९५ या काळात इटालियन कप, कप विनर्स कप, यूएफा कप असं सगळं घेऊन गेला. तेव्हा घरचा शर्ट साधा पांढरा होता, छातीवर क्रूस नाही. दशक संपता संपता पट्टे आले. प्रतिस्पर्धी क्लब युव्हेंटसच्या काळ्या-पांढऱ्यापासून वेगळं दिसावं, असं कारण सांगितलं जातं. शहराचेच रंग असल्याने तक्रार तरी काय करणार? पण क्रूस नसलेले क्रोचाती हे जरा विचित्रच. शर्ट म्हणून मात्र तो देखणा होता, हे मान्य करायला हवं.

डिसेंबर २००३मध्ये कंपनी कोसळली. पुढच्या वर्षी क्लब नव्या नावाने उभा राहिला आणि क्रूस परत छातीवर आला. २०१५मध्ये क्लब पुन्हा दिवाळखोर झाला. त्याआधी काही महिन्यांत तो दोनदा प्रत्येकी १ युरोला विकला गेला होता. मैदानावरच्या व्यवस्थेचे पैसे नाहीत म्हणून सामनाही पुढे ढकलला होता. चौथ्या श्रेणीतून सलग तीन बढत्या घेत २०१८मध्ये संघ सेरी आमध्ये परतला, तो क्रूसाच्या शर्टात. पिवळा-निळा आता बहुधा बाहेरच्या सामन्यांना दिसतो.